एनएफएल ड्राफ्ट : कॉलेजचा पोरगा संघाच्या फळ्यावर चढतो कसा?

तिसरा_डाऊन

एप्रिलअखेर ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, आला की आपल्याकडच्या गप्पांत दोन वाक्यं हमखास येतात. "हे आयपीएलच्या लिलावासारखंच की!" आणि "पुढे दिग्गज ठरलेल्या टॉम ब्रेडीला १९९ व्या नंबरवर घेतलं, म्हणजे या स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) मंडळींना काही कळत नाही." दोन्ही अर्धवट खरी आहेत, म्हणून हा धागा.

लिलावात ज्याच्याकडे पैसा, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली लागतच नाही, तिथे नंबर असतो. गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ आधी निवडतो आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणारा शेवटी. ३२ संघ आणि ७ फेऱ्या. खेळाडू गमावल्याच्या भरपाईचे जादा पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, धरून २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी एकूण २५७ खेळाडू निवडले गेले. ज्याने निवडलं त्याच्याशीच करार करायचा, खेळाडूला पर्याय नाही. फिलाडेल्फियाचा मालक बर्ट बेल याने ही कल्पना मांडली, कारण चांगले खेळाडू दोन-चार श्रीमंत संघांकडेच जात होते. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. त्यातला पहिला खेळाडू जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! म्हणजे पहिल्या पिकपासूनच ही गंमत चालू आहे.

कोण पात्र? हायस्कूल संपून तीन वर्षं झालेला. मॉरिस क्लॅरेट हा कॉलेजचा खेळाडू या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चार वर्षं पूर्ण न करता येऊ पाहणाऱ्याला लीगची एक सल्लागार समिती आधी अंदाज देते. तिची उत्तरं तीनच : पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा "कॉलेजातच राहा".

खेळाडू शोधण्यापासून नाव पुकारलं जाईपर्यंत नेमकं काय होतं, ते जाणकारांनी लिहावं. कुठे चुकतं, तेही.

फिल्मवाला

सुरुवात एप्रिलमध्ये होत नाही, आदल्या वर्षीच्या मे महिन्यात होते. बहुतेक संघ दोनपैकी एका सामायिक संस्थेचे वर्गणीदार असतात : ब्लेस्टो किंवा नॅशनल. ब्लेस्टो हे नाव बेअर्स, लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स या सुरुवातीच्या संघांच्या आद्याक्षरांवरून पडलं. काही संघ दोन्हींपासून लांब राहतात. या संस्थांचे स्काउट कॉलेजच्या शेवटच्या वर्षात जाणाऱ्या मुलांची उंची, वजन आणि प्राथमिक ग्रेड गोळा करून देतात. तो नुसता कच्चा खर्डा. त्यावरून संघ ठरवतो की कोणत्या कॉलेजात कुणाला पाहायचं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर एरिया स्काउट रस्त्यावर. एका संघाकडे असे साधारण सात-आठ जण, प्रत्येकाकडे देशाचा एक तुकडा. कॉलेजातला दिवस असा जातो : सकाळी लवकर फिल्म रूम, मग कॉलेजने नेमलेल्या संपर्क माणसाशी बोलणं, मग स्ट्रेंथ कोच, फिजिओ, अभ्यास पाहणारे सल्लागार, दुपारी सराव, रात्री हॉटेलवर रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी पुढचं गाव.

इथे मुख्य प्रशिक्षकाचं मत सगळ्यात कमी कामाचं. आपल्या पोराला तो नावं ठेवणार नाही. पोरांचे बूट आणि पॅड सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. कोण "धन्यवाद" म्हणतो आणि कोण टॉवेल फेकून जातो, ते त्याला ठाऊक असतं.

फिल्म म्हणजे टीव्हीचं प्रक्षेपण नव्हे. त्यात कॅमेरा चेंडूमागे धावतो. स्काउट पाहतात तो कोचेसचा व्हिडिओ, ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू पूर्ण वेळ दिसतात. एक कोन बाजूने, एक गोलच्या मागून. लाइनमन, म्हणजे चेंडूसमोरच्या रांगेतला धिप्पाड खेळाडू, पाहायचा तर मागचा कोन, कारण पाय आणि हात त्यातच कळतात. एका मुलाचे निदान तीन-चार सामने पाहायचे. त्यात एक तगड्या संघाविरुद्धचा हवा आणि एक त्याचा वाईट दिवस हवा. फक्त निवडक उत्तम खेळी पाहून ग्रेड देणं म्हणजे लग्नाचा अल्बम पाहून सून ठरवणं.

मोजपट्टी

रिपोर्ट वाचायला शिका, मजा येते. उंची चार अंकांत लिहितात : पहिला अंक फूट, मधले दोन इंच, शेवटचा इंचाचे आठवे भाग. ६०२२ म्हणजे ६ फूट २ पूर्णांक २/८ इंच. ब्राइस यंग ५१०१ होता, म्हणजे ५ फूट १० आणि एक अष्टमांश, वजन २०४ पौंड. एवढा बुटका क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) तरी २०२३ मध्ये पहिल्या नंबरवर गेला.

हाताची लांबी आणि पंजाही मोजतात. टॅकलचा, म्हणजे लाइनच्या कडेच्या खेळाडूचा, हात ३३ इंचांहून कमी भरला की अनेक संघ त्याला आत गार्डच्या जागेवर सरकवतात. कारण साधं आहे : कडेने येणाऱ्या बचावपटूला छातीपासून लांब ठेवायला लांब हात लागतो. पंजा म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर. क्वार्टरबॅकसाठी ९ इंच ही जुनी लक्ष्मणरेषा. केनी पिकेटचा ८ १/२ भरला तेव्हा महिनाभर चर्वितचर्वण झालं, तरी तो पहिल्या फेरीत गेला.

कोकणकडा

कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामूहिक चाचणीत, ४० यार्ड पळवतात ते कशाला? सामन्यात कुणी सरळ ४० यार्ड पळतो का?

मोजपट्टी

क्वचितच. म्हणून जाणकार पहिले १० यार्ड वेगळे पाहतात. लाइनमनसाठी तर तेवढेच पुरे.

कम्बाइन १९८७ पासून इंडियानापोलिसला भरतं, सव्वातीनशेच्या आसपास खेळाडूंना बोलावणं असतं. कसोट्या ठरलेल्या : ४० यार्डांची दौड, २२५ पौंड म्हणजे १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता, उभी उडी, लांब उडी, तीन शंकूंभोवती वळणं आणि ५-१०-५ यार्डांची शटल, म्हणजे दिशा बदलत पळणं. उभी आणि लांब उडी पायांतली स्फोटक ताकद दाखवतात, तीन शंकू कमरेची लवचिकता. बेंच प्रेसवर मी फार विसंबत नाही. लांब हातांच्या माणसाला बार जास्त अंतर ढकलावा लागतो, त्याचे आकडे कमीच येणार, आणि लाइनवर हवेत तर लांबच हात.

वेळ मोजण्यातही मेख आहे. कम्बाइनमध्ये सुरुवात माणूस बटण दाबून नोंदवतो आणि शेवट किरण पकडतो. त्यामुळे या आकड्यांची ॲथलेटिक्सच्या वेळांशी तुलना करू नका. मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर प्रो डे होतो, तिथे सगळी हातातली घड्याळं. तिथले आकडे जरा जास्तच गोड निघतात, म्हणून संघ आपल्या स्काउटांच्या घड्याळांची सरासरी काढून वर थोडी भर घालतात.

विक्रम झेवियर वर्दीचा, २०२४, ४.२१ सेकंद. तो २८ व्या नंबरवर गेला. त्याआधीचा विक्रम जॉन रॉसचा, ४.२२. तो २०१७ मध्ये ९ व्या नंबरवर गेला आणि संघाच्या हाती फारसं लागलं नाही.

बावनकशी

याला पुरवणी जोडतो. डीके मेटकाफ २०१९ मध्ये ४.३३ पळाला, पण तीन शंकूंना त्याला ७.३८ सेकंद लागले. ब्रेडीला २००० साली ७.२० लागले होते! "वळता येत नाही" म्हणून मेटकाफ ६४ व्या नंबरपर्यंत घसरला आणि पुढे लीगच्या बड्या रिसीव्हरांत (पास झेलणाऱ्यांत) गणला गेला. त्याला संघाने जे काम दिलं त्यात सरळ पळणं आणि उंच चेंडू झेलणं जास्त होतं. कसोटी चुकली नव्हती. ती कुठल्या कामासाठी लावायची, हे बाकीचे चुकले.

हाडांची_भाषा

सगळे दौडीवर बोलताहेत, पण कम्बाइन मुळात डॉक्टरी तपासणीसाठी सुरू झालं. एकाच मुलाला प्रत्येक संघाने वेगवेगळं तपासायला बोलावलं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया. म्हणून सगळ्यांना एका गावी आणा, एक्स-रे आणि एमआरआय एकदाच काढा, आणि संघांच्या डॉक्टरांना गटागटाने तपासू द्या. एका खोलीत खेळाडू टेबलावर झोपतो आणि सात-आठ डॉक्टर एकामागून एक त्याचा तोच गुडघा ओढून पाहतात. आधी दुखत नसेल तर संध्याकाळपर्यंत नक्की दुखतो.

फिल्मवर कितीही चांगला असो, डॉक्टरने फुली मारली की नाव संघाच्या फळ्यावरून, म्हणजे निवडीच्या क्रमवारीतून, खाली. अर्थात ३२ संघांचे डॉक्टर एकमताचे नसतात. कुणी फुली मारतो, कुणी "तीन वर्षं चालेल" म्हणतो. शस्त्रक्रिया झालेल्यांना एप्रिलमध्ये पुन्हा इंडियानापोलिसला फेरतपासणीसाठी बोलावतात.

दोन उदाहरणं. २०१३ मध्ये स्टार लोटुलेलेईच्या हृदयाच्या सोनोग्राफीत काहीतरी वेगळं दिसलं, त्याला कम्बाइनमध्ये पळूच दिलं नाही. पुढच्या तपासण्यांत तो निर्धोक ठरला आणि १४ व्या नंबरवर गेला. दुसरा जेलन स्मिथ. १ जानेवारी २०१६ ला कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले आणि नसेला इजा झाली. प्रश्न गुडघ्याचा नव्हताच, नस परत जागी होईल का हा होता. त्याचं उत्तर एमआरआय देत नाही. डॅलसने त्याला ३४ व्या नंबरवर घेतलं. का? शस्त्रक्रिया डॅलसच्याच संघडॉक्टरने केली होती. बाकीच्यांनी कागद वाचले, यांच्या माणसाने गुडघा आतून पाहिला होता. स्मिथ एक मोसम बसला, मग खेळला, आणि २०१९ मध्ये प्रो बोलपर्यंत, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यापर्यंत, पोचला.

तिसरा_डाऊन

वा. हे म्हणजे सगळ्यांना एकच पेपर, पण एकाच्या घरी पेपर काढणारा राहतो.

मुलाखतींबद्दल कुणी लिहील का? "तुझी आई…" छापाचे विचित्र प्रश्न ऐकले होते.

फिल्मवाला

ते प्रकार झाले, त्यावरून गदारोळही झाला. आता अवमानकारक प्रश्न विचारला तर संघाला दंड आणि पिक गमावण्याची तंबी आहे.

कम्बाइनमध्ये २०२० पासून एका संघाला ४५ औपचारिक मुलाखती, प्रत्येकी १८ मिनिटं. त्याआधी ६० होत्या, १५ मिनिटांच्या. त्यात "तुझी ताकद काय" वगैरे विचारत नाहीत. एजंटाने सगळी उत्तरं घोटून घेतलेली असतात. चांगला कोच काय करतो? मुलाचीच वाईट खेळी पडद्यावर लावतो आणि म्हणतो, "सांग, इथे कुणाचं काय काम होतं?" नुसतं स्वतःचं नव्हे, शेजारच्याचंही. मग फळ्यावर आपली एक चाल शिकवतो, तिची नावं आणि इशारे सांगतो, दहा मिनिटं घरच्यांच्या गप्पा मारतो आणि अचानक म्हणतो, "मघाची चाल काढ पाहू." घोकलेलं आणि समजलेलं इथे वेगळं होतं.

याशिवाय एप्रिलमध्ये प्रत्येक संघ ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात आणू शकतो. तिथे मैदानावर पळवायचं नाही. फक्त तपासणी, फळा, जेवण. संघाच्या परिसरातली मुलं या तिसात धरत नाहीत. वर्तमानपत्रं या याद्या छापतात आणि लोकांना वाटतं हेच पिक ठरले. गंमत अशी की खरोखर ज्याच्यावर डोळा आहे त्याला काही संघ मुद्दाम बोलावत नाहीत.

आकडेमोड

लेखी परीक्षांचंही सांगा. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक चाचणी वर्षानुवर्षं चालली, २०२२ मध्ये कम्बाइनमधून गेली. मग संगणकावरच्या आकलनचाचण्या आल्या. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक सीजे स्ट्राउडचा त्यातला कमी गुण फुटला आणि लोकांनी त्याला मोडीत काढलं. त्याच मोसमात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा ठरला. एका चाचणीच्या एका आकड्यावर माणूस तोलला की असं होतं.

आणि एक आपल्याला जवळचं. आकड्यांनी स्काउटिंग करण्याची पहिली मोठी खटपट १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइजने केली. ती यंत्रणा उभारणारा माणूस भारतातून गेलेला संख्याशास्त्रज्ञ होता, सलाम कुरेशी. तो आयबीएमकडे कामाला होता आणि त्याला फुटबॉल अजिबात येत नव्हता. शेकडो गुणांची यादी चाळत त्याने पाच उरवले : चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिगर, बौद्धिक तल्लखपणा, ताकद आणि स्फोटकता. प्रत्येकाला १ ते ९ गुण. खरी अडचण यंत्राची नव्हती. एका स्काउटचा ७ म्हणजे दुसऱ्याचा ५, हे आधी सारखं करावं लागलं. साठ वर्षांनंतरही प्रत्येक संघाच्या डिसेंबरच्या बैठकीत हाच वाद असतो.

कोकणकडा

आपल्या वंशाचा कुणी ड्राफ्ट झालाय का हो?

बावनकशी

ब्रँडन चिलार. वडील भारतातले. युसीएलए या कॉलेजचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला), २००४ मध्ये सेंट लुईस रॅम्सने चौथ्या फेरीत घेतला, पुढे ग्रीन बेला खेळला.

फिल्मवाला

आता सगळ्यात अवघड भाग. कॉलेजचा खेळ आणि एनएफएलचा खेळ एक नाही. मैदानावरच्या आतल्या खुणा, ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवतात, कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट लांब आहेत आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू कडेच्या खुणेवर असेल तर एका बाजूला रान मोकळं. तिथे रिसीव्हर सहज सुटा पडतो. कॉलेजात झेल घेताना एक पाय आत पुरतो, इथे दोन लागतात. कॉलेजात पास होण्याआधी लाइनमन ३ यार्ड पुढे जाऊ शकतो, इथे १. या तीन यार्डांवर कॉलेजच्या अर्ध्या चाली उभ्या आहेत, कारण बचाव करणाऱ्याला धाव आहे की पास हेच कळत नाही.

म्हणून क्वार्टरबॅकच्या पासांची टक्केवारी पाहून हुरळू नये. पाहायचं हे : पहिला पर्याय बंद असताना नजर दुसऱ्या-तिसऱ्याकडे गेली का? अंगावर माणूस येत असताना पाय जमिनीवर राहिले का? तिसऱ्या डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) ८ यार्ड हवे असताना काय केलं? काही कॉलेजच्या पद्धतीत असे प्रसंग सामन्याला चार-पाचच येतात. तेवढ्यावरून एका माणसाच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा. म्हणूनच जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबिल गावी होणारा सीनियर बोल हा कॉलेज-खेळाडूंचा सामना महत्त्वाचा. सामना सोडा, आठवड्याचा सराव पाहा. लाइनमन आणि बचावपटू समोरासमोर, एकास एक, दोघेही एनएफएलच्या तोडीचे. छोट्या कॉलेजच्या मुलाला तिथे लपायला जागा नाही.

मोजपट्टी

अलीकडचा बदलही धरा. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदलणं सोपं झालं आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जाणारा मुलगा आता एक वर्ष आणखी थांबतो. त्यात कोविडमुळे एक वर्ष जादा खेळायची सवलत मिळाली. बो निक्स २०२४ मध्ये आला तेव्हा २४ वर्षांचा होता आणि दोन कॉलेजांत मिळून ६१ सामने सुरुवातीपासून खेळलेला, क्वार्टरबॅकचा विक्रम. वय वाढलं की ग्रेड जपून द्यावी लागते. २४ वर्षांचा गडी १९ वर्षांच्या पोराला आडवा करतो, त्याचं कौतुक किती करायचं? स्काउटचं कामही वाढलं. तीन कॉलेजं बदलली असतील तर तिन्ही ठिकाणी फोन, आणि पहिल्या कॉलेजचा कोच तोवर दुसरीकडे गेलेला.

आकडेमोड

आता पिकच्या किमतीचं. १९९० च्या सुमारास डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याने एक तक्ता वापरला. पहिल्या पिकला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. अदलाबदल करताना दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची. पुढच्या वर्षीचा पिक साधारण एक फेरी खालचा धरायचा, उधारीला सूट.

२०१७ चं उदाहरण. शिकागो तिसऱ्या नंबरवर होतं, त्यांना दुसरा हवा होता. फरक ४०० गुणांचा. त्यांनी ६७ वा (२५५ गुण), १११ वा (७२ गुण) आणि २०१८ चा तिसऱ्या फेरीतला पिक दिला. बेरीज करा, तक्त्याप्रमाणे व्यवहार चोख आहे. त्या पिकवर घेतला मिचेल ट्रुबिस्की. पुढे दिग्गज ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरवर गेला. हिशोब बरोबर, माणूस चुकला.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की एकाच जागेवरचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी घेतलेला चांगला निघण्याची शक्यता फक्त ५२ टक्क्यांच्या आसपास. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. आणि पगार वजा करून पाहिलं तर सगळ्यात किफायतशीर पिक दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचे. तो अभ्यास जुन्या पगारांच्या काळातला. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल झाले होते, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ च्या करारानंतर त्याच नंबरवरच्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे २.२ कोटी. आता पगार नंबरनुसार ठरलेला, चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीवाल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. म्हणून चांगला क्वार्टरबॅक नवखेपणी मिळणं ही आज सगळ्यात मोठी बचत, आणि त्यापायी संघ वेडे होतात. ब्राइस यंगसाठी कॅरोलायनाने शिकागोला दोन पिक, पुढच्या वर्षांचे आणखी दोन आणि डीजे मूरसारखा रिसीव्हर दिला. त्यातला २०२४ चा पिक पुढे पहिल्या नंबरचा ठरला, शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला.

तिसरा_डाऊन

म्हणजे चार पिक देऊन एक घेण्यापेक्षा एक देऊन चार घेणं शहाणपणाचं?

आकडेमोड

क्वार्टरबॅक सोडून बहुतेक वेळा, हो. आपली नजर इतरांपेक्षा तेज आहे असं प्रत्येक जनरल मॅनेजरला वाटतं. सगळ्यांचीच तेज असेल तर कुणाचीच नाही. मग लॉटरीची जास्त तिकिटं हातात असलेला बरा. बाल्टिमोर वर्षानुवर्षं भरपाईचे पिक गोळा करतं ते याचसाठी. करार संपून मुक्त झालेले खेळाडू जाऊ द्यायचे, तेवढे बाहेरून विकत घ्यायचे नाहीत, की पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसरी ते सातवी फेरी यांत जादा पिक मिळतात. ब्रेडीचा १९९ वा पिकही भरपाईचाच होता.

फळ्यावरचा_खडू

फळा कसा लावतात ते राहिलं. उभे रकाने खेळाच्या जागांचे : क्वार्टरबॅक, टॅकल, कॉर्नर वगैरे. आडव्या ओळी ग्रेडच्या. हजारो मुलांतून फळ्यावर उरतात साधारण दीडशे, काही संघांकडे त्याहून कमी. प्रत्येकाची एक चकती, त्यावर रंगीत ठिपके : दुखापत, वागणूक, मापात न बसणं. आता चकत्यांच्या जागी पडदे आले, पद्धत तीच.

वाचायचं असं. आपला नंबर आला, वरच्या ओळीत एकच नाव उरलंय आणि खालच्या ओळीत आपल्याला हव्या त्या जागेचे चार. गरज म्हणते खालचा घे, फळा म्हणतो वरचा. चुका इथेच होतात. सहा महिने शांत डोक्याने लावलेली ओळ दहा मिनिटांत मोडायची नाही, म्हणून तर फळा आधी लावतात. खालचे चार असतील तर मागे सरकून जादा पिक घ्यायचा, चारांतला एक तरी उरतोच.

वेळ : २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत १० मिनिटं, दुसरीत ७, तिसरी ते सहावी ५, सातवीत ४. नाव पाठवण्याआधी मुलाला फोन लावतात. अभिनंदन नंतर, आधी खात्री की तो ठणठणीत आहे आणि कुठल्या भानगडीत नाही.

हाडांची_भाषा

वेळ संपली तर पिक जात नाही, पण मागचा संघ पुढे घुसू शकतो. २००३ मध्ये मिनेसोटाचा सातवा नंबर होता. बाल्टिमोरशी अदलाबदल ठरत होती, पण ती लीगकडे दोन्ही बाजूंनी कळवावी लागते. दुसऱ्या बाजूचा होकार वेळेत पोचला नाही आणि घड्याळ संपलं. जॅक्सनव्हिलने धावत जाऊन बायरन लेफ्टविचची चिठ्ठी दिली, कॅरोलायनाने जॉर्डन ग्रॉसची. मिनेसोटा सातव्याचं नवव्यावर गेलं आणि तिथे त्यांना मिळाला केविन विल्यम्स, जो पाच वेळा लीगच्या पहिल्या सर्वोत्तम चमूत गेला. नशीब असंही असतं.

कोकणकडा

सातव्या फेरीतही नाव आलं नाही तर संपलं?

फळ्यावरचा_खडू

उलट तिथून पळापळ. शेवटचं नाव पुकारण्याआधीच फोन सुरू होतात. न निवडलेला खेळाडू मुक्त असतो, कुठल्या संघात जायचं ते तोच ठरवतो. शहाणा एजंट बोनस पाहत नाही, तो किती मिळून किती मिळणार. तो पाहतो की त्या संघाकडे त्याच जागेवर किती जण आहेत. उन्हाळ्यात संघात ९० जण, मोसमाच्या तोंडावर ५३ उरतात, आणखी १६ सराव चमूत. म्हणून सातव्या फेरीत भरलेल्या संघात जाण्यापेक्षा न निवडलं जाऊन मोकळ्या जागेवर जाणं कधी कधी बरं. पुढे नाव काढलेले टोनी रोमो, कर्ट वॉर्नर, ॲडम विनातिएरी सगळे असेच आले. अँटोनिओ गेट्स तर कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा.

आणि अगदी शेवटचा पिकही कधी लागतो : २०२२ चा २६२ वा, ब्रॉक पर्डी. दोन वर्षांत सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळला.

फिल्मवाला

पाचव्या फेरीपासून पुढच्या मुलाची फिल्म पाहायची असेल तर आक्रमण-बचाव बाजूला ठेवून पंट आणि किकऑफ (चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे पाठवण्याच्या खेळी) लावा. पाचवा लाइनबॅकर किंवा सहावा रिसीव्हर संघात राहतो तो तिथल्या कामावर. पंट झाल्यावर दोघांनी अडवलं असताना तो ४० यार्ड पुढे पोचला का, की पहिल्या धक्क्यानंतर चालत गेला? चालत गेला असेल तर पुढचा सामना लावायची गरज नाही.